‘ओल्ड नंबर वन’ : एका मोटारगाडीच्या प्रामाण्याचा विचार

मोटारगाडी हा या त्रैमासिकाचा विषय नव्हे, असा आक्षेप प्रथमदर्शनींच निघेल. ताम्रपट, बखरी, पोथ्या आणि नाणीं यांच्या पंक्तीस तेलकट लोखंडी सांगाडा आणून बसविणें कित्येकांस रुचणारहि नाहीं. परंतु जुनी पोथी हातीं आली असतां आपण जे प्रश्न विचारतों, म्हणजे मूळ भाग कोणता, मागाहून घातलेला कोणता, पानें बदललीं असल्यास ती पोथी तीच म्हणावयाची कीं दुसरी, तेच प्रश्न इ. स. १९९० सालीं इंग्लंडांतील उच्च न्यायालयापुढें एका मोटारगाडीविषयीं आले. त्यावर साक्षीपुरावे झाले, आणि निर्णयावर एक कोटी पौंडांचा व्यवहार अवलंबून होता. आपल्या वादांस इतकी कडक कसोटी क्वचितच लागते. म्हणून त्या प्रकरणाचा परिचय येथें करून देणें अप्रस्तुत होणार नाहीं.

जुन्या, विशेषतः शर्यतीच्या घडणीच्या, गाड्या मिळवून त्या पुन्हां चालत्या करण्याची हौस इंग्लंडांत दोन महायुद्धांच्या दरम्यान रुजली. १९३४ सालीं तेथें ‘व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब’ स्थापन झाला. ‘व्हिंटेज’ हा शब्द मूळचा द्राक्षांच्या हंगामाचा. त्या मंडळानें १९३० अखेरपर्यंत बनलेल्या गाड्यांस तो लावला आणि तोच रूढ झाला. त्यानंतरच्या ठोक उत्पादनाच्या गाड्यांत पूर्वीची कारागिरी उरली नाहीं, हें या मर्यादेमागचें मत होय. या हौसेंत दोन प्रवृत्ति आरंभापासून एकत्र नांदत आल्या आहेत. गाडी कारखान्यांतून निघाली त्या स्थितीस तिला परत नेणें ही एक, आणि तिला पूर्वीं होती त्याहून अधिक वेगवान व समर्थ करणें ही दुसरी. पहिलीस जीर्णोद्धार म्हणावें, दुसरीस संस्कार. शास्त्रांत हे दोन वेगळे असले तरी व्यवहारांत एकाच माणसाच्या हातून, आणि बहुधा एकाच रविवारीं, दोन्ही घडतात.

आतां प्रस्तुत गाडीकडे वळूं. वॉल्टर ओवेन बेंटले यांनीं १९१९ सालीं स्वतःच्या नांवाची कंपनी स्थापिली. फ्रान्समधील ल मान्स येथें १९२३ पासून चोवीस तासांची सलग शर्यत सुरू झाली होती. ती या कंपनीच्या गाड्यांनीं १९२४ सालीं, आणि पुढें १९२७ ते १९३० अशीं लागोपाठ चार वर्षें जिंकली. १९२९ व १९३० या दोन्ही वर्षांचा मान एकाच गाडीकडे जातो. तिच्या सांगाड्याचा क्रमांक एलबी २३३२, नोंदणी एमटी ३४६४, आणि जात ‘स्पीड सिक्स’, म्हणजे साडेसहा लिटरचें सहा सिलिंडरी इंजिन असलेली. कारखान्याच्या मंडळींत तिला ‘ओल्ड नंबर वन’ असें लाडकें नांव पडलें. १९२९ मध्यें ती वुल्फ बार्नाटो व टिम बर्किन यांनीं चालविली, १९३० मध्यें बार्नाटो व ग्लेन किडस्टन यांनीं. बार्नाटो हे कंपनीचे धनकोहि होते आणि चालकहि. ल मान्सला ते तीनदां उतरले व तीनहि वेळां जिंकले. इंग्लंडांतील ब्रुकलंड्स येथील शर्यतींतहि ही गाडी गाजली. १९३१ सालीं कंपनी बुडाली व रोल्स-रॉइसच्या ताब्यांत गेली, तरी गाडीचें धावणें थांबलें नाहीं. त्याच वर्षीं जॅक डन्फी व सिरिल पॉल यांनीं तिच्यावरून ब्रुकलंड्सची पांचशे मैलांची शर्यत जिंकली.

पुढील वर्षाकरितां तिच्यांत आठ लिटरचें इंजिन बसविण्यांत आलें. हें नवें इंजिन बेंटलेचेंच, परंतु दुसऱ्या जातीच्या गाडीचें. २४ सप्टेंबर १९३२ रोजीं त्याच पांचशे मैलांच्या शर्यतींत जॅकचा धाकटा भाऊ क्लाइव्ह डन्फी यानें भावाच्या हातून सुकाणू घेतलें, आणि थोड्याच वेळांत गाडी उतरत्या धावपट्टीच्या कांठावरून उडून पलीकडे झाडांत गेली. क्लाइव्ह जागींच ठार झाला. मोडलेल्या गाडीची पुन्हां बांधणी झाली. या वेळीं मात्र रस्त्यावर चालविण्याजोगी, कूपे धर्तीची बॉडी तिच्यावर चढविली गेली. कित्येक दशकांनंतर ती बॉडीहि जाऊन ल मान्सच्या धर्तीची खुली बॉडी आली. आपल्याकडे मंदिराचा गाभारा तसाच ठेवून सभामंडप तीनदां बदललेला आढळतो. येथें गाभारा तरी राहिला होता काय, हाच प्रश्न होता.

एप्रिल १९९० मध्यें गाडीच्या तत्कालीन मालकानें ती एक कोटी पौंडांस एका कंपनीस विकण्याचा करार केला. मागाहून घेणाऱ्यानें हात आखडला. ही ती गाडी नव्हे, हिच्यांत त्या गाडीचें कांहीं उरलेलें नाहीं, असें त्याचें म्हणणें पडलें. ‘हबर्ड विरुद्ध मिडलब्रिज सिमिटर’ या नांवानें तो दावा न्यायमूर्ति ओटन यांच्यापुढें चालला, आणि २७ जुलै १९९० रोजीं निकाल लागला.

न्यायमूर्तींनीं प्रथम, एखाद्या जाणत्या संपादकानें प्रतीचीं पानें तपासावीं त्याप्रमाणें, गाडीचा भागवार हिशेब घेतला. १९२९ सालीं जी गाडी ल मान्सला जिंकली तिचें, काळ ठरवितां न येणारे कांहीं किरकोळ जोडभाग सोडल्यास, कांहींहि उरलेलें नाहीं. १९३० च्या गाडीपैकीं पेडलांचा दांडा, गिअरपेटीचें कवच आणि सुकाणूचा खांब एवढेंच शिल्लक आहे. १९३२ च्या गाडीचें मात्र पुष्कळ आहे : सांगाडा, कमानी व त्यांचे टांगभाग, पुढचा आंस, मागच्या आंसाचें कवच, मागचे ब्रेक, आणि तें आठ लिटरचें इंजिन. म्हणजे सामान्य माणसाच्या न्यायानें पाहिलें तर विकत घेणाऱ्याचा पक्ष सबळ दिसतो. ज्या दोन विजयांसाठीं तो एक कोटी पौंड मोजणार होता, त्या विजयांच्या वेळच्या गाडीपैकीं एक दांडा, एक कवच आणि एक खांब त्याच्या हातीं पडणार होता.

तरीहि निर्णय विक्रेत्याच्या बाजूनें झाला, आणि त्याची कारणमीमांसा आपल्या शास्त्रास उपयोगी आहे. न्यायमूर्तींनीं ‘मूळ’ आणि ‘अस्सल’ हे शब्द अलग केले. कारखान्यांतून निघतांना होते तेच भाग असतील तर वस्तु मूळ. या अर्थानें ही गाडी मूळ नव्हे, मूळच्या जवळपासचीहि नव्हे. परंतु ती पुनर्घटित नव्हे, पुनरुज्जीवितहि नव्हे. कारण पुन्हां घडविण्यासाठीं किंवा पुन्हां जिवंत करण्यासाठीं वस्तु एकदां नाहींशी झालेली असावी लागते, आणि ही गाडी कधींच नाहींशी झाली नाहीं. ती प्रतिकृतिहि नव्हे. सलग चार हंगाम ती धावत राहिली. नवे भाग आले ते इतक्या कालावधींत आणि अशा क्रमानें आले कीं प्रत्येक वेळीं ते जुन्यांत मुरले, व तिची ओळख कोठेंहि तुटली नाहीं. या नांवावर हक्क सांगूं शकेल अशी दुसरी बेंटले जगांत नाहीं. जें विकावयास काढलें होतें त्यांत धातूबरोबर हा इतिहास व ही कीर्तिहि होती. म्हणून ती अस्सल ‘ओल्ड नंबर वन’.

संस्कृताच्या विद्यार्थ्यास यांत ओळखीचें बरेंच दिसेल. मिलिंद राजास नागसेन भिक्षु विचारतो कीं दांडी म्हणजे रथ काय, आंस म्हणजे रथ काय, चाकें म्हणजे रथ काय. आणि राजास प्रत्येक वेळीं नाहीं म्हणावें लागतें. ‘रथ’ हें त्या सर्वांच्या आश्रयानें चालणारें केवळ नांव, हा तेथील सिद्धांत. नैयायिक तो मान्य करणार नाहीं. तो प्रत्यभिज्ञेचा आधार घेईल. काल पाहिलेला देवदत्त तोच हा, असें ज्ञान अबाधित होत असेल तर मधल्या काळांत त्याची दाढी वाढली कीं तो रोडावला हें गौण. इंग्लंडच्या न्यायाधीशानें नकळत नैयायिकांचा पक्ष घेतला असें म्हणण्यास हरकत नाहीं. मात्र प्रत्यभिज्ञा कशाच्या आधारावर होते हें त्यांच्या निकालांतून पुरतें उलगडत नाहीं. भाग हळूहळू बदलले म्हणून ओळख टिकली, असें एक कारण त्यांनीं दिलें. पण १९३२ च्या हंगामासाठीं इंजिनासारखा प्रधान भाग बदलला, त्यास हळूहळू कसें म्हणावें ? माझ्या मतें खरा आधार सातत्यानें वापरणाऱ्यांच्या समुदायाचा आहे. तीच मंडळी, त्याच शर्यती, तेंच नांव; त्यांनीं तिला दुसरी गाडी कधीं मानलें नाहीं. परंपरा हें प्रमाण आहे, पण तें धातूचें प्रमाण नव्हे, आणि किंमत ठरवितांना हे दोन एकत्र करूं नयेत.

परंपरा किती फसवूं शकते याचें उदाहरण याच कंपनीच्या इतिहासांत आहे. मार्च १९३० मध्यें बार्नाटो यांनीं दक्षिण फ्रान्समधील कानपासून निघून ‘ब्ल्यू ट्रेन’ या आगगाडीशीं पैज लावली, आणि ती गाडी कॅले बंदरास पोंचण्यापूर्वीं स्वतः लंडन गांठलें. ही पैज ज्या गाडीनें जिंकली ती म्हणून गर्नी नटिंग यांनीं बांधलेली एक डौलदार, उतरत्या पाठीची स्पीड सिक्स कूपे अनेक दशकें दाखविली जात होती; टेरेन्स क्युनिओ या चित्रकारानें तीच कूपे आगगाडीशेजारीं धांवतांना रंगविली, आणि चित्रामुळें समज दृढ झाला. पुढें कागद तपासतां असें आढळलें कीं ती कूपे मे १९३० मध्यें तयार होऊन बार्नाटोंच्या हातीं आली, म्हणजे पैजेनंतर सुमारें दोन महिन्यांनीं. पैजेच्या दिवशीं ते एच. जे. मुलिनर यांनीं बांधलेल्या साध्या बंद गाडींत होते. एका तारखेनें चित्र, आख्यायिका आणि शपथेवर सांगणारे लोक असे तिघेहि निरुत्तर केले. बखरीवर जगणाऱ्यांनीं हें उदाहरण जवळ ठेवावें.

मुलिनर, गर्नी नटिंग, व्हॅन्डेन प्लास हीं नांवें वर आलीं किंवा पुढें येतील, तीं कशीं हें सांगणें अवश्य आहे. बेंटलेचा कारखाना सांगाडा, इंजिन व चाकें एवढेंच तयार करी. वरची बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या रथकाराकडून बांधून घेई. या बॉड्या बहुधा अॅश जातीच्या लांकडी चौकटीवर पत्रा किंवा कापड ताणून केलेल्या असत. लांकूड सडे, कापड फाटे, सांगाडा मात्र शंभर वर्षें टिके. त्यामुळें जुन्या बेंटलेवर आज जी बॉडी दिसते ती मूळची असेल असें गृहीत धरतां येत नाहीं. १९१९ ते १९३१ पर्यंत या कंपनीनें तीन हजारांवर गाड्या बनविल्या. त्यांत बंद, उंच टपाच्या, म्हाताऱ्या गृहस्थांच्या सोयीच्या पुष्कळ होत्या. परंतु बाजारांत भाव आला तो ल मान्सच्या धर्तीच्या, खुल्या, चार आसनी, व्हॅन्डेन प्लास पद्धतीच्या बॉडीला. तेव्हां हौशी लोकांनीं काय केलें, तर बंद बॉड्या काढून फेंकल्या आणि सांगाडे आंखूड करून त्यांवर शर्यती वेष चढविला. या कामांत कौशल्य कमी नव्हतें. लोहारकाम, सुतारकाम, ओतकाम सर्व उत्तम. पण आपल्याकडे ज्या संग्राहकांनीं चित्रें तेवढीं कापून घेऊन पोथीची बाकीचीं पानें रद्दींत घातलीं, त्यांच्या आणि यांच्या पापांत मला फरक दिसत नाहीं. शर्यतींत उतरलेल्या गाड्या मुळांत थोड्या होत्या. आज उतरल्यासारख्या दिसणाऱ्या कितीतरी अधिक आहेत.

तथापि प्रत्येक बदल हा भ्रष्टपाठ असेंहि म्हणतां येत नाहीं. टिम बर्किन यांस साडेचार लिटरच्या गाडीचा वेग पुरेसा वाटेना. त्यांनीं अॅमहर्स्ट व्हिलियर्स यांजकडून सुपरचार्जर, म्हणजे हवा दाबून इंजिनांत कोंबणारें यंत्र, करवून तें गाडीच्या पुढच्या तोंडाशीं बसविलें; पैसा डॉरोथी पॅजेट या धनिक बाईंनीं पुरविला. स्वतः बेंटले यांस हें मुळींच पसंत नव्हतें. इंजिन मोठें करावें, त्यावर दडपण आणून त्याची रचना बिघडवूं नये, असें त्यांचें मत होतें. ल मान्सच्या नियमांसाठीं अशा पन्नास गाड्या तरीहि कंपनीस काढाव्या लागल्या. ‘ब्लोअर’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या या जातीनें ल मान्स कधींच जिंकलें नाहीं. १९३० सालीं पो येथील फ्रेंच ग्रां प्रीमध्यें बर्किन दुसरे आले, हेंच तिचें मोठें यश. कर्त्याच्या मतानें जो प्रक्षेप, तोच आज त्या ग्रंथाचा सर्वांत लाडका अध्याय ठरला आहे. इतका कीं, २०१९ सालीं बेंटले कंपनीनें बर्किनच्या संघांतील एक गाडी सुटी करून, तिचा प्रत्येक भाग मापून, त्यावरून बारा नव्या ब्लोअर गाड्या करण्याचें जाहीर केलें व त्या केल्या. त्यांस कोणी अस्सल म्हणत नाहीं, आणि कंपनीहि तसें म्हणवीत नाहीं. छापील मुद्रणप्रतीसारखी ही वस्तु प्रामाणिक आहे. भीति असते ती जुन्या कागदावर जुन्या शाईनें केलेल्या नकलेची.

याच्या अगदीं उलट टोंकाचें उदाहरण एका बुगाटी गाडीचें. इटली व स्वित्झर्लंड यांच्या सीमेवरील माजोरे सरोवराच्या तळाशीं अनेक दशकें पडून राहिलेली ती गाडी २००९ सालीं वर काढण्यांत आली. एक बाजू गंजून नाहींशी झाली होती. पुढील वर्षीं पॅरिस येथें तिचा अडीच लाख युरोंहून अधिक किंमतीस लिलाव झाला, आणि घेणाऱ्यानें तिला हात न लावतां, सरोवरानें जशी दिली तशीच, कॅलिफोर्नियांतील एका संग्रहालयांत ठेवली. खंडित शिलालेख आपण जोडून पुरा करीत नाहीं, तशांतलेंच हें.

या दोन टोंकांमधील मार्ग कोणता, याविषयीं जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानें ‘ट्युरिन सनद’ तयार केली आहे. १९६४ सालीं वास्तूंच्या जतनासाठीं व्हेनिस येथें झालेल्या सनदेवर ती बेतलेली आहे. तींतील एक कलम मला फार महत्त्वाचें वाटतें : नव्यानें केलेल्या भागावर डोळ्यांत न भरणारी परंतु कायमची खूण असावी. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींत जेथें पाठ निश्चित नाहीं तेथें शब्दाखालीं नागमोडी रेघ दिलेली आहे, तिचें हें लोखंडांतील रूप होय. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरी शुद्ध केली. उपकार अगणित, परंतु कोणता शब्द त्यांनीं काढला व कोणता घातला याची खूण त्यांनीं ठेवली नाहीं, आणि राजवाड्यांनीं १९०९ सालीं दुसरी प्रत छापल्यापासून तो वाद अजून मिटत नाहीं. नाथांच्या काळीं तशी रीत नव्हती. आजच्या हौशी माणसास ती सबब नाहीं.

आपल्या देशांत हा प्रश्न १५ जुलै २०२१ पासून कायद्याच्या कक्षेंत आला आहे. त्या दिवशीं केंद्र सरकारनें मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या, खाजगी, दुचाकी व चारचाकी वाहनांस ‘व्हिंटेज’ ठरविलें. राज्याच्या अक्षरांपुढें ‘व्हीए’ असा निराळा नोंदणीक्रम, नव्या नोंदणीस वीस हजार रुपये, दहा वर्षांनीं नूतनीकरणास पांच हजार, आणि नित्याच्या वापरास बंदी. हें सर्व ठीक. परंतु व्याख्येंत एक अट आहे : वाहन मूळ रूपांत जपलेलें असावें, आणि सांगाडा, बॉडीचें कवच किंवा इंजिन यांत बदल होण्याइतकी मोठी दुरुस्ती झालेली नसावी. ही अट शब्दशः लावली तर इंग्लंडच्या न्यायालयानें अस्सल ठरविलेली ‘ओल्ड नंबर वन’ आपल्याकडे व्हिंटेज ठरणार नाहीं. बर्किनची ब्लोअर ठरेल, कारण तिच्यांतील बदल कारखान्यानें आपला केला. आणि एखाद्या संस्थानिकाच्या गाडीचें इंजिन १९४० साली सुटे भाग मिळेनात म्हणून बदललें असेल, तर ती नापास. जरी तो बदल आतां स्वतःच ऐतिहासिक झाला असला तरी. इंग्लंडांत दीर्घकाळ चाललेल्या नोंदणीपद्धतींत गुण देण्याची रीत होती : मूळ सांगाड्यास पांच, कमानी, आंस, गिअर व सुकाणू यांस प्रत्येकीं दोन, इंजिनास केवळ एक, आठ गुण झाले कीं जुना क्रमांक राही. इंजिनास एकच गुण, हें यंत्र वापरणाऱ्यांच्या अनुभवांतून आलेलें शहाणपण होतें. इंजिन झिजतेंच, तें बदलणारच. आमच्या नियमानें त्याच इंजिनावर सर्व भिस्त ठेवली आहे.

नियम बदलेल तेव्हां बदलो. तूर्त ज्यांच्या वाड्यांत अशी गाडी उभी आहे आणि ज्यांनीं ती उघडावयास घेतली आहे, त्यांस एवढेंच सुचवितों. पोथीच्या अखेरीस पुष्पिका असते. तींत शक, तिथि, स्थळ, लेखक व कोणत्या प्रतीवरून उतरली हें असतें. गाडीचीहि अशी वही ठेवावी. कोणता भाग काढला, तो कोठें ठेवला, नवा कोणी व कोणत्या नमुन्यावरून केला, काय मापानें केला, हें तारीखवार लिहावें; उघडण्यापूर्वीं प्रत्येक अंगाचें छायाचित्र घ्यावें; रंग खरवडतांना खालचे थर कोणत्या क्रमानें निघाले तें टिपावें, कारण तो क्रम एकदां गेला कीं कोणत्याहि दप्तरांत सांपडणार नाहीं. काढलेला जुना भाग, तो कितीहि मोडका असो, भंगारवाल्यास देऊं नये. त्यास गाडीचा सांगाड्याचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी बांधून पेटींत घालावा, आणि ती पेटी गाडीबरोबरच पुढल्या मालकास द्यावी.